मी गोंयकार, मग हुसेनबाब कोण?

गोव्यात मुसलमानांचा द्वेष कोणी करत नाही, ते दुखणे तुमच्या विलायतेतले, तिथल्या प्राध्यापकांनी शोधून काढलेले, ते तिथेच ठेवा, असे माझा बालमित्र रत्नाकर मला फोनवर ठणकावून सांगतो. फोंड्यात राहतो, शाळेत शिकवून निवृत्त झाला, देवळाच्या उत्सवी नाटकात अजून तोंडाला रंग लावतो. माणूस लाखमोलाचा. मी त्याला समाजशास्त्रज्ञ तारिक मोदूद यांच्या इस्लामद्वेषावरच्या संशोधनाबद्दल सांगत होतो. माझी लेक ब्रिस्टल विद्यापीठात समाजशास्त्र शिकते, तिच्यामुळे हे नाव आमच्या घरात आले. रत्नाकरने पुरते ऐकूनही घेतले नाही. "आमच्याकडे त्रास आहे तो भायल्यांचा, बाहेरून आलेल्यांचा. हिंदू-मुसलमान असला काही विषयच नाही. आणि तुका थंय बसून कितें कळटा?"

शेवटचे वाक्य जिव्हारी लागले. इंग्लंडातल्या स्विंडनला बसून मला बरेच काही कळते. फोंड्याजवळच्या बांदोड्याला वाढताना जे डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते, ते इथे रात्रपाळ्या करताना दिसले. याला कोणी परदेशातून शहाणपण शिकवणे म्हणत असेल तर म्हणो.

मोदूद जन्माने कराचीचे, वाढले ब्रिटनमध्ये. विद्यापीठात स्थिरावण्याआधी त्यांनी वांशिक समानतेसाठीच्या सरकारी आयोगात नोकरी केली, म्हणजे नुसत्या पुस्तकांत वाढलेला हा माणूस नव्हे. १९८०च्या दशकात इथली वंशवादविरोधी चळवळ सगळ्या बिगरगोऱ्यांना 'ब्लॅक' या एकाच छत्राखाली उभे करत होती. मोदूद म्हणाले, हे पुरेसे नाही. आशियाई माणसाला नाकारले जाते ते केवळ कातडीच्या रंगासाठी नाही. त्याचे नाव, पेहराव, खाणेपिणे, त्याची प्रार्थना, सगळे त्याच्याविरुद्ध मोजले जाते. त्यासाठी त्यांनी चळवळीतल्या आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला.

त्यांचे म्हणणे खरे होते हे कायद्यातच दिसत होते. १९७६च्या वंशसंबंध कायद्याने रंग, वंश, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. बर्मिंगहॅममधल्या एका शीख मुलाला पगडीवरून शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की शीख हा वांशिक गट आहे, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. ज्यूंनाही होते. मुसलमान मात्र अनेक देशांचे, अनेक वर्णांचे, म्हणून कायद्याच्या लेखी ते 'वंश' नव्हते. मालकाने "पाकिस्तानी नको" म्हटले तर त्याला सरळ कोर्टात खेचता यायचे. "मुसलमान नको" म्हटले तर तेवढे सोपे नव्हते. इंग्लंडात नोकरीपुरती ही फट बुजायला २००३ साल संपत आले, आणि सगळे एका छपराखाली आले ते २०१०च्या समानता कायद्यात. ही फट वर्षानुवर्षे दाखवत राहिलेल्यांत मोदूद पुढे होते. १९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अल्पसंख्याकांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष छापले. दर पाचांतल्या चार पाकिस्तानी-बांगलादेशी घरांचे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी होते. भारतीय आणि आफ्रिकेतून आलेले आशियाई त्यांच्या कितीतरी वर. एकाच तपकिरी रंगाची माणसे, पण दैव वेगळे. रंगावर सगळे ढकलून चालत नाही ते यासाठी.

पुढे बहुवांशिक ब्रिटनच्या भवितव्यावर एक आयोग बसला, त्याचा अहवाल २००० साली आला. अध्यक्ष भिखू पारेख, मूळचे गुजरातचे. सदस्यांत मोदूद होते, जमैकाहून आलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल होते. गुजरातेत जन्मलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली कराचीत जन्मलेला मुसलमान या देशाला आरसा दाखवतो आणि हा देश चिडतो, शिव्या देतो, पण ऐकून घेतो. असे काही आपल्याकडे घडलेले मला दाखवा. रत्नाकर म्हणेल, तिथे मशिदींवर दगड पडतात त्याचे काय? पडतात. तेच सांगायला आलो आहे.

२०२४च्या जुलैत साउथपोर्टला नृत्याच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी बोटीने आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी थाप पसरली. तो कार्डिफला जन्मलेला, रवांडातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा निघाला. तोवर साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या होत्या, आणि त्या आठवड्याच्या शेवटी रॉदरहॅमला निर्वासितांच्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला.

त्या दिवसांत मी आणि मिनीन रात्रपाळी संपवून सकाळी सहाला बसस्टॉपवर उभे होतो. मिनीन गोव्यातल्या कुंकळ्ळीचा, आमच्याच वेअरहाउसात फोर्कलिफ्ट चालवतो. समोरून व्हॅन गेली, हळू झाली, काच खाली आली, आणि आतल्याने आम्हा दोघांना ती पाकिस्तान्यांसाठीची शिवी घालून घरी जा म्हणून सांगितले. व्हॅन वळेपर्यंत मिनीनने शर्टाचे वरचे बटण काढून गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, बाहेर घेतला होता. सोन्याचा, आईने पोर्तुगालातल्या फातिमाच्या तीर्थाला जाऊन आणलेला. तो त्याने दोन बोटांत धरून व्हॅनच्या दिशेने दाखवला. व्हॅनमधल्याने बघितलाही नाही. बस येईपर्यंत मिनीनची बोटे त्या खुरसावरून सुटली नाहीत.

खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटाने २०१८ साली इस्लामद्वेषाची व्याख्या केली: हा एक प्रकारचा वंशवाद आहे, आणि त्याचा रोख मुसलमानपणाच्या किंवा मुसलमानपणाचा नुसता भास देणाऱ्या खुणांवर असतो. त्यावेळच्या सरकारने ती मान्य केली नाही, वाद अजून चालू आहे. मला तो वाद संपायची गरज नाही. मिनीन आणि मी त्या व्याख्येत बसस्टॉपवरच बसलो. इथे आलेल्या आमच्या लोकांना पहिल्या महिन्यात एक वाक्य पाठ होते: आम्ही मुसलमान नव्हे. कोणी खुरीस दाखवून सांगतो, कोणी कपाळाच्या टिळ्याने. शिवी देणाऱ्याला त्याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो शेजारी उभ्या असलेल्या मुसलमानाला, कारण त्याचा अर्थ त्याला कळतो: शिवी बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला.

आता रत्नाकरच्या भायल्यांकडे येतो.

त्याला आणि मला अंगरखे शिवून देणारे हुसेनबाब फोंड्याच्या बाजारात बसायचे. उत्सव जवळ आला की नाटकाचे सगळे कपडे त्यांच्याकडे. पेशवाई अंगरख्याचे बंद कुठल्या कुशीला बांधायचे यावरून त्यांनी आमच्या दिग्दर्शकाशी वाद घातलेला मी पाहिला आहे, आणि दिग्दर्शक हरलेला पाहिला आहे. मशीन चालवताना नाट्यपदे गुणगुणत. आमच्याशी कोकणी, गिऱ्हाइकांच्या नाटकवाल्या गप्पांत मराठी, घरात दख्खनी. त्यांचा धाकटा मुलगा आता तेच दुकान चालवतो. गेल्या गणेशचवथीला मी गेलो तेव्हा त्याने सांगितले, खोली भाड्याने हवी होती, तिघांनी नावावरून विचारले, "तुम्ही मूळचे खंयचे?" तो फोंड्याच्या इस्पितळात जन्मला. हे मी रत्नाकरला सांगितले तर म्हणतो, "हुसेनबाबाचा पोरगा आपलाच. लोक विचारतात ते हुबळी-विजापूरहून आलेल्यांमुळे."

म्हणजे जुना मुसलमान आपला, नवा मुसलमान भायला, आणि घर देताना मात्र दोघांनाही एकच प्रश्न. हा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण तो माझ्यावर मांडला जातो. माझी इथली शेजारीण सत्तरीची, भली बाई, माझी पार्सले घेऊन ठेवते. ती म्हणते, तुमच्याबद्दल नाही हो बोलत मी, तुम्ही कष्टाळू लोक, ते दुसरे. ते दुसरे कोण ते ती सांगत नाही. हे प्रशस्तिपत्र मी घेत नाही. ते कधी परत मागितले जाईल याचा नेम नसतो. आणि म्हणूनच हुसेनबाबांचा अंगरखा हा माझा पुरावा नाही. विजापूरहून काल बसने उतरलेला, वास्कोच्या बायणात पत्र्याखाली राहणारा गवंडी, ज्याला एक नाट्यपद येत नाही, त्यालाही तोच मान मिळायला हवा. तो भारताचा नागरिक आहे. त्याने बांधलेल्या इमारतींत आपण राहतो.

इंग्लंडातल्या लेस्टरला २०२२ साली हिंदू-मुसलमान तरुण रस्त्यावर आले, तेव्हा गोव्यातून मला विचारणारे फोन आले, "हिंदूंना मारतात म्हणे?" तिथे दोन्ही बाजूंनी वेडेपणा झाला. क्रिकेटच्या सामन्यानंतर पेटले, मोर्चे निघाले, देवळावरचा ध्वज ओढला गेला. पण मला आठवते ते वेगळे. लेस्टरात पन्नास वर्षे मुरलेल्या भारतीयांतले काही जण म्हणू लागले की हे आमच्या जुन्या लोकांचे काम नाही, हे दमण-दीवहून पोर्तुगीज पासपोर्टवर नवीन आलेल्यांचे. पोर्तुगीज पासपोर्टवर नवीन आलेला म्हणजे मी. भायलो तो सदाच मागाहून आलेला.

रत्नाकरचा दुसरा मुद्दा नेहमी कायद्यावर येतो. मुसलमानांना वेगळा कायदा कशाला, हा प्रश्न भारतभर विचारतात, ठीक. गोव्यात तो विचारायची सोय नाही. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले कुटुंबविषयक कायदे आपल्याकडे आजही चालतात, लग्नाची नोंद, वारसा, नवराबायकोची समाईक मालमत्ता, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान सगळ्यांना. १९३७चा शरियत कायदा गोव्याला लागूच झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली आपले याबद्दल कौतुक केले आणि आपण ते मिरवतो. मग मला सांगा, वेगळ्या कायद्याची तक्रार जिथे मुळातच उरलेली नाही, तिथे मार्च २००६मध्ये सांवर्डे-कुडचड्यात मुसलमानांची दुकाने आणि गाड्या का फुटल्या? प्रार्थनेसाठी वापरायच्या एका बांधकामावरून वाद पेटला होता. बेकायदा बांधकाम असेल तर पंचायतीने नोटीस द्यावी. गोव्यात बेकायदा बांधकामांना तोटा नाही, त्यांतली किती जमावाने फोडली? २०११च्या जनगणनेत गोव्यातले मुसलमान ८.३३ टक्के, सव्वा लाखाच्या आतबाहेर. ते आपल्याला गिळतील, हे म्हणणाऱ्याने एकदा आकडा बघावा.

मोदूद यांचे मला सर्वांत पटलेले काम हे, की त्यांनी टीका बंद करा असे कधी म्हटले नाही. इस्लामवर, मुसलमान समाजावर टीका करता येते, करावी. ती टीका आहे की द्वेष हे ओळखायला त्यांनी पाच प्रश्न दिले आहेत. सगळे मुसलमान एकाच साच्याचे असे धरून बोलता का? त्यांच्याविषयी बोलता की त्यांच्याशी, त्यांनाही सामील व्हावेसे वाटेल अशा रीतीने? एकमेकांकडून काही शिकायची शक्यता ठेवता का? भाषा सभ्य आणि प्रसंगाला धरून आहे का? आणि बोलता ते मनापासून की दुसराच काही हेतू साधायला? आमच्या लेकीने हे मला वाचून दाखवले तेव्हा मी तिला दाबोळीची गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०२३मध्ये तिथल्या एका उच्च माध्यमिक शाळेची मुले मशीद बघायला गेली, एका मुस्लिम विद्यार्थी संघटनेच्या निमंत्रणावरून. विश्व हिंदू परिषदेने तक्रार केली आणि मुख्याध्यापक निलंबित झाले. ती विचारत राहिली, पण त्यांनी केले काय? मशीद दाखवली. तिच्या प्राथमिक शाळेने तिला मशिदीत, गुरुद्वारात, सिनेगॉगमध्ये नेले होते. परवानगीच्या चिठ्ठीवर मी सही केली होती आणि डब्यात पोळीभाजी दिली होती. तिला मी काय उत्तर देणार होतो? पाचांतला तिसरा प्रश्न, शिकायची शक्यता, तो तर त्या मुख्याध्यापकांनी प्रत्यक्षात उतरवला होता.

आणि हे व्हावे गोव्यात! फोंड्याजवळच्या शापूरची साफा मशीद १५६०ची, आदिलशाहीतली. तिच्या तळीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही परीक्षेचा अभ्यास केला. त्याच काळात तिकडे सासष्टीत, तिसवाडीत पोर्तुगीज देवळे पाडत होते. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ, आपले देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आले. अंत्रुज तेव्हा कोणाच्या राज्यात होते? आदिलशहाच्या. तो फार मोठ्या मनाचा होता असे मी म्हणत नाही. पण देवांना तिथे जागा मिळाली आणि ते तिथेच राहिले हे खरे आहे. त्याआधी २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा पहिली कत्तल मुसलमानांची झाली. गोव्याच्या सोसण्यात त्यांचाही वाटा आहे. तो आपल्या शाळेत कोणी शिकवला नाही, रत्नाकरने मुलांना इतिहास शिकवला तेव्हाही नाही, हे त्याने मला स्वतःच सांगितले आहे.

मी हे सगळे लिहितो आणि मग थांबतो, कारण माझी जागा मला माहीत आहे. माझ्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमलातला. तो लिस्बनला नोंदवला, मागोमाग माझा नोंदवला. पोर्तुगालचा लाल पासपोर्ट हातात आला त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपले. २०२१च्या जूनआधी इथले सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, पदरात पाडून घेतले. ज्या देशाने मला पासपोर्ट दिला तिथली भाषा मला येत नाही. ज्या देशात कौन्सिल टॅक्स भरतो तिथे व्हॅनमधून शिवी खातो. आणि ज्या गावाच्या तळीत पोहायला शिकलो, तिथल्या मतदारयादीत माझे नाव नाही. पोटासाठी केले, परत करावे लागले तर परत करेन. पण रात्री तीनला स्कॅनर हातात घेऊन शेल्फांमधून चालताना म्हार्दोळच्या जाईच्या फुलांचा वास आठवतो तेव्हा घशाशी येते, ते कोणत्या नागरिकत्वात बसते मला माहीत नाही.

तरीही मी चवथीला बांदोड्याला उतरलो की माटोळीला, गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, हात लावायला मला पहिले बोलावतात. आरतीला पुढे उभे करतात. "आमचो गोंयकार आयलो" म्हणून मिठ्या मारतात. एकाने आजवर मला विचारले नाही, तू मूळचा खंयचो. भारताचे नागरिकत्व सोडलेला मी पूर्ण गोंयकार, आणि भारताचा पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, फोंड्याच्या इस्पितळाचा जन्मदाखला खिशात असलेला हुसेनबाबांचा मुलगा मूळचा खंयचो? रत्नाकर, याचे उत्तर भायलो या शब्दात नाही. त्याच्या नावात आहे. मोदूद यांनी तीस-चाळीस वर्षे हेच सांगितले: नाव, पेहराव, प्रार्थना यांवरून माणसाला परका ठरवणे हाही वंशवादच, कातडी एका रंगाची असली म्हणून तो सुटत नाही.

मला मिळणारे ते प्रेम मला हवे आहे, त्यावर मी जगतो. पण ते मला देताना त्याला नाकारले जाते हे दिसू लागल्यापासून ते पूर्वीसारखे घेता येत नाही.

मडगावच्या मुसलमानांना दफनासाठी जमीन हवी आहे. शहराचा कचरा जिथे साठत गेला त्या सोनसोड्याला ती ठरली, संपादन झाले, आणि मग विरोध, कोर्ट, फायली यांत वर्षे गेली. ती फायल हलवायला आमदार लागतो, नगरपालिका लागते, आणि आमदाराला जाब विचारायला मत लागते. माझ्याकडे मत नाही. सासष्टीत ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढच्या प्रचारात दारात येणाऱ्या उमेदवाराला कब्रस्तानाचे काम कधी सुरू होणार हे तारखेसह विचारावे, आणि विचारणारे हिंदू आणि ख्रिस्ती असावेत.